सांडपाण्याची नोंद कोणाच्या वहीत?

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू हा रुग्णालयांचा प्रश्न आहे, अशी आपल्या प्रशासनाची समजूत आहे. नोंदीची व्यवस्थाही तिच्यावरच उभी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१३ पासूनचे जाळे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतील नमुन्यांवर चालते. हे काम मोलाचे आहे; पण जो आजारी पडून तिथवर पोहोचला, त्याचीच ती मोजणी आहे.

धोका मात्र निरोगी माणसाच्या आतड्यातही वावरतो. आमांशाचे जिवाणू आणि ई. कोलाय यांच्यात औषध-प्रतिरोधाचा गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्येच दाखवून दिले. प्लाझ्मिड नावाचे जनुकीय तुकडे तो वाहून नेतात. निरुपद्रवी जिवाणू घातक जिवाणूला हत्यार उसने देतो. कार्बापेनेमसारखी राखीव औषधे निष्प्रभ करणारे ‘एनडीएम-१’ जनुक याच मार्गाने पसरते. २०१० मध्ये त्याच्या नावातील ‘नवी दिल्ली’ने आपण दुखावलो. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या नळाच्या व साचलेल्या पाण्यात ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले. वाद नावावर गाजला, पाण्यावर नाही.

मी राहतो त्या महादेवपुरा भागात बेळ्ळंदूर आणि वर्तूर हे तलाव शहराचे सांडपाणी पोटात घेतात. तेथून पाणी दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूकडे जाते. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलारच्या तळ्यांत सोडले जाते. कोरड्या कोलारला त्याचा आधार आहे, म्हणून मी योजनेच्या विरोधात नाही. मात्र नेहमीची प्रक्रिया केंद्रे प्रतिरोधक जनुके काढून टाकण्यासाठी बांधलेलीच नसतात. मग त्या जनुकांवर लक्ष कोणी ठेवायचे? रुग्ण आरोग्य खात्याचे, मैलापाणी जलमंडळाचे, कोंबड्या पशुसंवर्धनाच्या, कोलारची तळी लघुपाटबंधारे खात्याची. प्रत्येकाची फाइल वेगळी. प्रवाह मात्र एकच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून १८९८ चा बंगळूरुचा प्लेग आठवतो. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींना त्यानंतरच गती मिळाली. मृत्यू डोळ्यांसमोर होते, म्हणून शासन हलले. आजची साथ तसा गाजावाजा करत नाही. नवजात अर्भकाच्या रक्तातील संसर्गावर औषध चालत नाही, तेव्हा दाखल्यावर जंतुसंसर्ग एवढेच लिहिले जाते.

साधने नाहीत, ही सबब टिकणारी नाही. कोविडकाळात याच शहरातील २८ सांडपाणी केंद्रांवर विषाणूचा माग काढला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ‘ट्रायसायकल’ पद्धत मांडली: माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींत एकाच प्रकारचे प्रतिरोधक ई. कोलाय एकाच रीतीने मोजायचे. सांडपाण्यावरून वाहक कोण, हे कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु कल कळतो, आणि कोणाच्या खासगीपणाला धक्काही लागत नाही.

म्हणून निगराणीचे एकक जिल्हा नव्हे, खोरे असावे. महादेवपुऱ्यापासून कोलारपर्यंत ठरलेल्या जागी दर तिमाहीला नमुने घ्यावेत, चारही खात्यांचे आकडे एका तक्त्यात यावेत आणि तो तक्ता त्या भागातील डॉक्टरांना व नागरिकांना खुला असावा. त्यावर सही करणारा एकच अधिकारी नेमावा. जबाबदारी चौघांत वाटली की ती कोणाचीच उरत नाही, हे सरकारी नोकरीत राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.