कोळ्याचं विष आणि अर्ध्या गुणाचा हिशेब

"हा गेम खोटारडा आहे!" घरात मुलं खेळत असतील तर हे वाक्य तुमच्या ओळखीचं असणार. हरल्यावरचा राग म्हणून आपण ते सोडून देतो. पण कधी कधी मूल खरं बोलत असतं. नियम एक सांगितलेला असतो आणि आत कोडमध्ये घडतं दुसरंच. बहुतेक गेमचं पोट बंद असल्यामुळे ते तपासता येत नाही. काही गेम मात्र उघडे असतात. त्यांचा प्रत्येक नियम कुणीही वाचावा, चूक दिसली तर दाखवावी, जमलं तर दुरुस्तही करावी, अशी सोय असते. अशा गेमना ओपन सोर्स म्हणतात. आज त्यातल्या एकाविषयी बोलू.

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा गेम डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये सुरू केला. तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळत आले आहेत. तो फुकट मिळतो. पट षटकोनी घरांचा असतो आणि बुद्धिबळासारखी आळीपाळीने खेळी करायची असते. एकट्याने खेळता येतो, तसाच इंटरनेटवरून दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या माणसाबरोबरही.

या गेममधल्या प्राण्यांच्या हल्ल्यांना खास परिणाम असतात. महाकाय कोळी चावला की विष चढतं. दर पाळीला 8 गुण कमी होतात, पण विषाने जीव जात नाही, 1 गुण उरला की ते थांबतं. विषबाधा झालेला सैनिक गावात जाऊन थांबला तर त्या पाळीत विष उतरतं आणि जखम भरायला पुढच्या पाळीपासून सुरुवात होते. तोच कोळी लांबून जाळं फेकतो. त्यात अडकलेल्याची चाल मंदावते आणि त्याच्या वाराचा जोर निम्मा होतो. रक्तपिपासू वटवाघूळ जेवढी इजा करतं त्याच्या निम्मे गुण स्वतःकडे ओढून घेतं. आणि चालत्या प्रेताने कुणाला मारलं, तर मेलेलाही प्रेत होऊन त्याच्याच बाजूने लढू लागतो.

आता प्रश्न असा की हे नियम लिहायचे कुठे? विषारी हल्ला करणारे गेममध्ये पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या फाइलमध्ये विषाचा पूर्ण नियम लिहिला तरी गेम चालेल. पण उद्या त्या नियमात बदल करायचा ठरला, तर सगळ्या फाइली शोधाव्या लागतील. एखादी राहून गेली की कोळ्याचं विष एक आणि मारेकऱ्याचं विष दुसरं! म्हणून वेसनॉथमध्ये विषाची व्याख्या एका ठिकाणी असते आणि प्रत्येक विषारी प्राणी तिचं नुसतं नाव घेतो. आजीची लोणच्याची कृती चार वह्यांत उतरवली की प्रत्येक वहीत मिठाचं प्रमाण वेगळं होत जातं, तसं इथे होऊ नये यासाठी ही काळजी.

विखुरलेला, गुंतलेला कोड असा नीट लावण्याला रीफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या पुस्तकामुळे हा शब्द प्रोग्रामरांच्या तोंडी रुळला. त्याची मुख्य अट सोपी आहे. आतली मांडणी बदलायची, बाहेरून दिसणारं वागणं जसंच्या तसं ठेवायचं. खेळणाऱ्याला काही बदललं आहे याची शंकाही येता कामा नये.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. वेसनॉथमधलंच उदाहरण घ्या. एल्फ योद्ध्याच्या तलवारीचा एक वार 5 गुणांचा आणि तो एका हल्ल्यात 4 वार करतो. कोळ्याच्या जाळ्यात तो अडकला की वार निम्मा, म्हणजे अडीच गुणांचा. पण गेममध्ये गुण पूर्णांकातच मोजतात. मग अडीचचे दोन करायचे की तीन? वेसनॉथचा नियम सांगतो की बरोबर अर्धा उरला तर मूळ आकड्याच्या दिशेने जायचं. मूळ आकडा 5, म्हणून उत्तर 3.

उलट बाजूने पाहा. ऑर्क सैनिकाचा वार 9 गुणांचा. ऑर्कांचा जोर रात्री 25 टक्क्यांनी वाढतो. शेजारी एक पायरी वरचा नायक उभा असेल तर आणखी 25 टक्के. दोन्ही मिळून साडेतेरा होतात. मूळ आकडा 9, त्यामुळे त्याच्या दिशेने खाली येऊन उत्तर 13.

आता समजा, एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने आवराआवर करताना हा हिशेब सुटसुटीत केला आणि अपूर्णांक सरळ कापून टाकला. ऑर्कचे 13 च राहतील, त्यामुळे त्याला वाटेल, सगळं ठीक आहे. पण एल्फचा प्रत्येक वार 3 ऐवजी 2 होईल. चारही वार लागले तर 12 ऐवजी 8. तेवढ्या चार गुणांत समोरचा वाचतो आणि डाव फिरतो.

दोघं इंटरनेटवर खेळत असतील तर गोष्ट आणखी नाजूक होते. वेसनॉथमध्ये कुणाला किती इजा झाली हे मधला सर्व्हर ठरवत नाही. तो निरोप पोहोचवतो. हिशेब दोघांची यंत्रं आपापल्या घरी करतात आणि दोन्हीकडे उत्तर एकच यावं लागतं. इंदूरच्या खेळाडूच्या पडद्यावर सैनिक मेला आणि बंगळूरुच्या पडद्यावर तो जिवंत राहिला, तर पुढचा डावच खेळता येत नाही. म्हणून तिथे एक शिस्त आहे. 1.16, 1.18 अशा सम आकड्यांच्या मालिका स्थिर मानतात आणि एका मालिकेतल्या सगळ्या आवृत्त्या एकमेकींशी खेळू शकतील असं पाहतात. मोठे प्रयोग विषम आकड्यांच्या मालिकेत होतात.

यातून प्रोग्रामर एक गोष्ट शिकतात. आवराआवर आणि दुरुस्ती एकाच वेळी करायची नाही. आधी आजचं वागणं नोंदवणाऱ्या चाचण्या लिहायच्या: जाळ्यात अडकलेल्या एल्फचा वार 3, रात्रीच्या ऑर्कचा 13. मग मांडणी बदलायची आणि त्याच चाचण्या पुन्हा चालवायच्या. एकही आकडा हलला नाही, तरच आवराआवर झाली. त्यानंतर खरी चूक हातात घ्यायची, ती वेगळ्या बदलात दुरुस्त करायची आणि त्या चुकीसाठी नवी चाचणी लिहायची. दोन्ही कामं एकत्र केली आणि आकडा बदलला, तर तो मुद्दाम बदलला की चुकून, हे तपासणाऱ्याला कळत नाही. आणि इथे तपासणारा लागतोच. पगार नाही, साहेब नाही, काम करणारी माणसं येतात आणि जातात. दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाला आपला कोड वाचता यावा, एवढ्या भरवशावर असा गेम वीस वर्षांहून जास्त टिकतो.

तेव्हा घरातलं मूल पुन्हा "खोटारडा" म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. काय व्हायला हवं होतं? काय झालं? आणि पुन्हा करून दाखवता येईल का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर ती एक चांगली तक्रार झाली. वेसनॉथसारख्या गेममध्ये तिच्यासोबत आवृत्तीचा क्रमांक आणि जतन केलेला डाव पाठवला की स्वयंसेवकांना तोच प्रसंग पुन्हा चालवून पाहता येतो. प्राण्यांच्या फाइली तर साध्या मजकुराच्या असतात. इंग्रजी वाचणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलालाही एका वाराचे गुण किती आणि वार किती, हे त्यात शोधता येतं. एखाद्या रविवारी दोघांनी मिळून कोळ्याची फाइल उघडून बघा. विषाचा पूर्ण नियम तिथे सापडणार नाही, नुसतं नाव सापडेल. तो नियम कुठे ठेवला आहे, हे मुलालाच शोधू द्या.