बिनसाखरेची लबाड वडी

खजूर, बदाम, अक्रोड मिक्सरमधून काढायचे, थापायचे, कापायचे आणि वर मान करून सांगायचे, "साखरेचा कण नाही हो यात! अगदी लो-कार्ब!" या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. घातली नाही म्हणजे साखर नाही, हा हिशेब आम्ही बँकेत चालवला असता तर केव्हाच गजाआड गेलो असतो.

मांडा ताळेबंद. शंभर ग्रॅम खजुरात कर्बोदके साधारण ७५ ग्रॅम. त्यातली ६५ च्या आसपास निव्वळ साखर. पाव किलो खजुराच्या २० वड्या पाडल्या तर वडीमागे ८ ग्रॅम, म्हणजे चांगले दोन चमचे. मधुमेही आजोबा चहात साखर नको म्हणतात आणि सोबत तीन वड्या खातात. झाले सहा चमचे! खाते बदलले, रक्कम तीच. मनुका अन् सुके अंजीरही याच शाखेतले.

खरोखर कमी कर्बोदकांची वडी हवी ना? मग बदाम, अक्रोड, तीळ, सुके खोबरे खमंग भाजा. भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटा. तो गोळाच बाकीच्यांना धरून ठेवतो. गोडीला चार खजूर पुरेत. थापून फ्रिजमध्ये ठेवा. कापताना थोडा भुगा होईल, होऊ द्या.

आणि खजुराचीच आवडत असेल तर खुशाल खा, पण लाडू म्हणून खा. लाडवाने कधी औषध असल्याचा आव आणलेला नाही. खोट्या नोंदीचा भुर्दंड आजोबांच्या रक्ताच्या रिपोर्टात निघतो, आणि तिथे व्हाउचर बदलता येत नाही.