नळीचा निर्णय कोणाचा?

वृद्ध पिता पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो, त्याची गिळण्याची शक्ती जाते आणि डॉक्टर मुलांना विचारतात, ‘नाकातून नळी घालायची का?’ प्रश्न वैद्यकीय असतो. मुलांच्या कानी मात्र तो ‘वडिलांना जेवू घालायचे की उपाशी ठेवायचे?’ असा पडतो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात या दुसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर संभवते. परिणामी, कुटुंबाच्या आयुष्यातील एक अत्यंत गंभीर निर्णय इस्पितळाच्या व्हरांड्यात, संमतिपत्रावर घाईघाईने सही करून उरकला जातो.

नळीतून जाणारा पदार्थ अन्न असला, तरी नळी हा उपचार आहे, हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. उपचार म्हटला की त्याचे प्रयोजन, मुदत आणि दुष्परिणाम यांचा विचार ओघानेच येतो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नळी हा मोठा आधार असतो. पुढे अनेकांचे गिळणे सुधारते व नळी काढता येते. अशा रुग्णाला ती नाकारणे अन्यायाचे होईल. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेतील वृद्धाची गोष्ट निराळी. तेथे नळीमुळे आयुष्य वाढते अथवा न्यूमोनिया टळतो, असे दिसून आलेले नाही. उलट रुग्ण नळी उपसून काढतो म्हणून त्याचे हात बांधण्याची वेळ येते. अमेरिकेतील वार्धक्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये अशा रुग्णांना नळी न घालता हाताने, सावकाश भरवावे, अशीच शिफारस केली. अन्न सुटले म्हणून मृत्यू आला असे आपण समजतो. पुष्कळदा मृत्यू जवळ आला म्हणून अन्न सुटलेले असते.

या विषयाची सर्वांत वेदनामय चर्चा महाराष्ट्रात अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या विकल अवस्थेत होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, ही पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानला. निकालाविषयी मतभेद असू शकतील; परंतु जो घास भरवतो त्याचे म्हणणे डावलता येणार नाही, हे त्यातील तत्त्व प्रत्येक घराला लागू पडणारे आहे.

घरांत मात्र बहुधा याच्या उलट घडते. निर्णय पुण्या-मुंबईचा मुलगा फोनवरून कळवतो. ठरावीक तासांनी पातळ अन्न गाळून नळीत सोडणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, रात्री जागणे हे गावाकडच्या सुनेच्या वाट्याला येते. निर्णयाचे पुण्य एकाकडे आणि त्याचा भार दुसऱ्याकडे अशी वाटणी जेथे होते, तेथे विवेक टिकत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. सुनेच्या श्रमांना मोल नाही, आणि तिच्या मताला तर स्थानच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्तही आहे. भाराची आणि खर्चाची भाषा एकदा घरात शिरली, की ‘सन्मानाचा मृत्यू’ हे गरिबाला उपचार नाकारण्याचे गोंडस निमित्त होईल. पैसे संपले म्हणून बरा होऊ शकणारा रुग्णही घरी नेणारी कुटुंबे आपल्या देशात थोडी नाहीत. तो निर्णय नव्हे, तो नाइलाज होय, आणि त्याचा जाब सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेलाच विचारला पाहिजे. म्हणूनच ‘परवडते का?’ हा पहिला प्रश्न नसावा. तसाच ‘लोक काय म्हणतील?’ हाही नसावा. ‘त्यांना स्वतःला काय हवे असते?’ हा असावा.

आचार्य विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध घेणे स्वेच्छेने थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांच्या इच्छेविषयी भोवतालच्यांना तर्क करावा लागला नाही. सामान्य माणसाची इच्छा मात्र त्याच्या वाचेबरोबरच मुकी होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन एवढ्यावर आता ते करता येते. अंमलबजावणीपूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी प्रकरण तपासण्याचे बंधन कायम आहे. मार्ग खुला आहे. त्यावर पाऊल टाकणारे थोडे.

आधी ठरवून ठेवण्याचे हे शहाणपण शहरी सुशिक्षितांचीच मिरास आहे, असे मात्र नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर या गावाने पाण्याच्या ताळेबंदाची शिस्त अंगी बाणवली. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून हिशेब ग्रामसभेपुढे येतो. पिण्याचे पाणी आधी राखून मग पिके ठरतात. विहीर आटण्यापूर्वीच अप्रिय प्रश्न चारचौघांत विचारणे, हे या गावाचे खरे भांडवल. आयुष्याचा हिशेब पावसासारखा मिलिमीटरांत मांडता येत नाही, हे खरे. तथापि, वेळेवर बोलण्याची रीत घरातही उचलता येईल.

आईवडील बोलते असतानाच त्यांना विचारावे. ते राहून गेले असेल आणि सुधारणेची आशा असेल, तर नळी ठरावीक मुदतीसाठी घालावी. मुदत संपल्यावर डॉक्टर, मुले, मुली आणि सेवा करणारी सून यांनी एकत्र बसून पुन्हा विचार करावा. त्या बैठकीत नळी काढण्याचे ठरले, तर त्याला उपाशी मारणे म्हणू नये. ठेवण्याचे ठरले, तर रात्रीच्या जागरणाची पाळी मुलानेही उचलावी.