कुंडीतील कीड आणि फळीवरील बाटली

(द्वितीय वर्ष कला)

शहरात हल्ली घर तेथे कुंडी दिसते. अंगणे गेली, परंतु गॅलरीत जास्वंद आली, खिडकीत मनी प्लँट आला. तुळस तर असतेच. ही चांगली गोष्ट आहे. मात्र झाडामागोमाग कीडही येते, आणि कीड दिसली की चांगली शिकलेली माणसेही एकच प्रश्न विचारतात, "एखादे जालीम औषध आहे का?" या जालीम औषधाविषयीच मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आमचे घर शेतकऱ्याचे. त्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे शहरातील ओळखीची माणसे मला हक्काने म्हणतात, "तुमच्याकडे फवारणीचे औषध असेलच. येताना थोडे बाटलीत घेऊन ये." जे कपाशीवरील अळी मारते ते जास्वंदीवरील कीड सहज मारील, असा त्यांचा हिशेब असतो. मारीलही. परंतु औषध हे बरे करण्यासाठी असते आणि ही वस्तू मारण्यासाठी आहे. पाठीवरचा पंप उतरवून वडील घरी आले की आंघोळ होईपर्यंत धाकट्या भावाला जवळ येऊ देत नाहीत, आणि आई त्यांचे ते कपडे वेगळे धुते. ज्या घरात हे नेहमीचे आहे, त्या घरात 'थोडे बाटलीत' हा शब्दप्रयोग ऐकवत नाही.

या भीतीला कारण आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. 2013 साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजन घेतलेली 23 मुले दगावली. त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो आणि त्यात लाल रंग सर्वांत घातक विषाचा. वेष्टण नसलेल्या, दुसऱ्याच कशाच्या तरी बाटलीत ओतून दिलेल्या विषावर मात्र त्रिकोण नसतो, नावही नसते. अशी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर जाऊन बसली, तर तिला ओळखणार कोण?

यावर कोणी म्हणेल, "मग तुम्ही शेतात का मारता?" प्रश्न रास्त आहे. एकरभर कपाशीचे एकेक पान हाताने पुसता येत नाही. डोक्यावर कर्ज असते, आणि आठ दिवस वाट पाहिली तर पीक हातचे जाते. शेतकऱ्यापुढे फारसा पर्याय नसतो, हे त्याचे दुःख आहे. परंतु दहा कुंड्यांच्या मालकापुढे पर्याय आहे. त्याला पान पुसता येते, वाट पाहता येते. फार तर एक फांदी जाईल. ज्याला सवड आहे त्याने सवड नसलेल्याचे हत्यार मागावे, हे मला पटत नाही.

शिवाय ते हत्यार नेहमी लागूही पडत नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणकट पांढरे आवरण असते. त्यावरून फवारा ओघळून जातो. लाल कोळी हा तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात तो पानाखाली जाळी करतो. पुष्कळ कीटकनाशके त्याला मारीत नाहीत, पण त्याला खाणाऱ्या जिवांना मारतात; मग तो अधिकच माजतो. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतात. त्यासाठी मुंग्या येतात आणि किडीच्या शत्रूंना हुसकून लावतात. म्हणजे बंदोबस्त आधी मुंग्यांचा हवा. आणि झाड लवकर वाढावे म्हणून मूठभर युरिया टाकला, की जे लुसलुशीत कोंब फुटतात ते माव्यासाठी मेजवानीच!

किडीलाही शत्रू असतो, ही गोष्ट आपण विसरतो. 1888 साली ऑस्ट्रेलियातून नेलेल्या एका चिमुकल्या भुंगेऱ्याने कॅलिफोर्नियातील संत्रा-लिंबाच्या बागा वाचविल्या. आपल्या देशात पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 साली आढळला. 2010 साली बाहेरून आणलेल्या एका बारीक परजीवी माशीने त्याला आवर घातला. गॅलरीत ठिपक्यांचा भुंगेरा दिसला तर त्याला झटकू नये. तो आपलाच माणूस आहे.

घरचे उपाय साधे आहेत. नवे झाड आणले तर ते पंधरा दिवस इतरांपासून दूर ठेवावे. पानांची मागची बाजू रोज पाहावी. मावा पाण्याच्या धारेने धुऊन जातो. पिठ्या ढेकूण स्पिरिटात बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपावा. लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून त्याचे लिटरभर पाणी करावे, म्हणजे पाच टक्के अर्क तयार होतो. हे सारे आठवड्याने पुन्हा करावे लागते, कारण अंडी मागे राहतात. मात्र 'घरगुती' म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. तंबाखूचा काढा घरात होतो, पण निकोटीन हे विषच आहे. तुळशीचे पान तर आपण तोंडात टाकतो. तिला पाणी आणि हात एवढेच पुरे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जे झाड आपण हौसेने लावले त्याची सेवाही आपल्या हाताने व्हावी. आपल्या कॉलेजच्या व्हरांड्यातील कुंड्यांवरही कीड पडते, आणि मग शिपाईमामांच्या हाती पंप दिला जातो. त्यांना ना हातमोजे, ना तोंडाला फडके. त्याऐवजी प्रत्येक वर्गाने चार कुंड्या वाटून घेतल्या आणि दर शनिवारी दहा मिनिटे पाने पुसली, तर काय हरकत आहे? फवारणाऱ्या माणसाची मुलगी म्हणून ही सूचना मी मांडते. पहिल्या चार कुंड्या माझ्या वर्गाकडे द्याव्यात.