ग्रहणाचे छायाचित्र : आधी प्रश्न, मग कॅमेरा

ग्रहण जवळ आले की मुले माझ्याकडे एकच चौकशी घेऊन येतात : "सर, फोटो काढायला कोणता कॅमेरा लागेल?" फोटो कशासाठी काढायचा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. नागपूरहून मुंबईच्या गाडीने निघालात की वर्धा आणि पुलगाव मागे पडल्यावर तळणी नावाचे लहानसे स्थानक लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर उतरून या भागावरून पुढे गेली. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आले होते, जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते, तर पुलगावला आणि तळणीला इंग्रज निरीक्षकांच्या तुकड्या होत्या. (लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नाही. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते.)

तळणीच्या तुकडीत ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणिताचे काम करीत, पण लग्न झाल्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली होती. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग अवघे दीड इंच व्यासाचे होते. इतरांच्या लांबलचक दुर्बिणींपुढे ते खेळणेच वाटले असेल! पण बाईंचा प्रश्न ठरलेला होता : सूर्याचा प्रभामंडल म्हणजे करोना, त्याचे अगदी फिकट टोक कुठवर जाते? लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीत प्रतिमा मोठी मिळते, परंतु तेच तेज मोठ्या जागेवर पसरून विरळ होते. आखूड कॅमेऱ्यात प्रतिमा लहान, पण तेजस्वी. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्यात बाईंनी सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदापट लांब गेलेला करोनाचा एक झोत काचेवर टिपला. तोवर इतका लांब झोत कोणालाच टिपता आला नव्हता.

तुम्हीही प्रश्न ठरवून कॅमेरा हाती घ्या. सुरुवात चंद्रग्रहणापासून करा. त्यात डोळ्यांना धोका नसतो. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ग्रहणमध्य सुमारे १० वाजून २२ मिनिटांनी आहे. नागपूरच्या थंडीत आकाश बहुधा निरभ्र असते. प्रश्न मी सुचवतो : पृथ्वी चंद्राच्या किती पट मोठी आहे?

चंद्र निम्मा झाकला गेला की फोटो काढा. साधा मोबाइलही दुर्बिणीला लावून चालेल, मात्र प्रकाश कमी करून घ्या. ३१ जानेवारी २०१८ च्या ग्रहणात मी हे विसरलो आणि माझ्या पहिल्या दहा फोटोंत नुसता पांढरा गोळा आला. प्रत्येक फोटोची वेळ वहीत लिहा. मग फोटो कागदावर छापून सावलीच्या कडेवर तीन बिंदू घ्या आणि भूमितीत शिकल्याप्रमाणे जीवांचे लंबदुभाजक काढून वर्तुळ पुरे करा. सावलीचे वर्तुळ चंद्राच्या अडीच-पावणेतीन पट भरेल. त्यात एक मिळवा. का? सूर्य आणि चंद्र आपल्याला जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात, त्यामुळे चंद्रापर्यंत पोचेतो पृथ्वीची सावली सुमारे एका चंद्रव्यासाने निमुळती झालेली असते. खरे उत्तर ३.७ च्या जवळ आहे.

सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म डोळ्यांशी धरू नका, आणि योग्य गाळणीवाचून कॅमेराही सूर्याकडे रोखू नका. खंडग्रास ग्रहणात सूर्याकडे पाठ करून कडुनिंबाखाली उभे राहा. पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतील. शेजारी फूटपट्टी ठेवून त्यांचा फोटो काढा. कोर फटीच्या आकाराची का नसते, हा प्रश्न वहीत वेळेपुढे लिहून ठेवा.

आणि २०२८ च्या रात्री एखाद्याचे उत्तर ३.७ ऐवजी ४.५ आले, तरी तो फोटो फेकू नका. तिसरा बिंदू कुठे चुकला ते आपण वर्गात शोधू.