कुरकुर कोणाची?

एका महाविद्यालयाच्या सभेचे इतिवृत्त मध्यंतरी आमच्या वाचनात आले. त्यात एक वाक्य होते: तासिका तत्त्वावरील अध्यापकांची मानधनाबाबत कुरकुर सुरू असल्याचे निदर्शनास आले. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. त्याच पानावर पुढे, वरिष्ठांनी निकालाविषयी ‘तीव्र नाराजी व्यक्त केली’ अशी नोंद. आता वस्तुस्थिती पाहा. ती नाराजी व्हरांड्यापर्यंत ऐकू आली होती. अध्यापकांनी मात्र दोन पानी टंकलिखित अर्ज दिला होता, आणि अर्जाला आवाज नसतो. तरी ध्वनिवाचक शब्द वाट्याला आला तो अर्जाच्या.

या एका शब्दाने आम्हाला बरेच दिवस अस्वस्थ ठेवले. मराठी ध्वन्यनुकारी शब्दांनी समृद्ध आहे, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. व्याकरणाच्या पुस्तकातील अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात ‘अनुकरणवाचक’ असे शीर्षक देऊन पाचसहा उदाहरणे लिहून घेतो आणि पुढे जातो. वास्तविक कठोर, खरखरीत आवाजांसाठी या भाषेने जी बारीक विभागणी केली आहे ती थांबून पाहण्यासारखी आहे. केवळ स्वर बदलून पाहावा. रातकिड्याची किरकिर, कोल्हापुरी वहाणेची करकर, झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर. ‘इ’काराबरोबर आवाज बारीक आणि टोचरा होतो, ‘अ’काराबरोबर मोकळा, ‘उ’काराबरोबर दबका. व्यंजन बदलले तर वेगळीच गंमत. कवर्गाच्या क्रमानेच चालावे: दातांची करकर, जुन्या रेडिओची खरखर, जात्याची घरघर. आवाज पायरीपायरीने जड होत जातो. (मधली ‘गरगर’ तेवढी आवाजाची नाही, फिरण्याची आहे. भाषा आपल्या सोयीसाठी तक्ते भरून देत नाही.)

हे शब्द कानापाशी थांबतही नाहीत. भातात वाळूची कचकच लागते तेव्हा ती दातांना आधी कळते. फोडणी चरचरते, तशी जखमही. नोटा कोऱ्या करकरीत असतात, हात खरखरीत असतात, आणि तिन्हीसांजाही करकरीत होतात. ही शेवटची योजना ज्या कोणी प्रथम केली असेल, ती व्यक्ती कवीच असली पाहिजे. कटकट या शब्दात तर आज कोणालाच आवाज ऐकू येत नाही, उरला आहे तो केवळ त्रास.

आमच्या मते हा प्रवास जिथे स्वभावापर्यंत आणि तिथून तक्रारीपर्यंत पोचतो, तिथे प्रश्न सुरू होतो. किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कचकच: हे सारे शब्द तक्रारीला लावता येतात, आणि लावताक्षणी तक्रारीतला मजकूर नाहीसा होतो. दार कुरकुरते तेव्हा त्याला काही म्हणायचे नसते. सून कुरकुरते असे म्हटले की तिलाही काही म्हणायचे नाही असे गृहीत धरले जाते. मूल, सून, गडी, कारकून, कामगार हे कुरकुरतात. सासरा डाफरतो, साहेब खेकसतो, नेता कडाडतो. ही क्रियापदेही आवाजाचीच आहेत आणि सौम्य तर मुळीच नाहीत, पण त्यांत समोरच्याने ऐकणे अभिप्रेत आहे. याला अपवाद आहेत. सत्तेतील मित्रपक्षांची ‘कुरबुर’ वृत्तपत्रे नित्य छापतात. मात्र तिथेही धाकट्या भावाचीच कुरबुर असते, थोरल्याची नव्हे.

कर्कश या विशेषणाची कथा याहून उघड आहे. भोंगा, कावळा, करवत यांना ते लागते. पण कोशात ‘कर्कशा’ असे नाम सापडते ते भांडखोर स्त्रीसाठी. तशाच पुरुषासाठी त्याला जोडीचे पुल्लिंगी नाम नाही. पुरुषाचा कठोर आवाज करडा असतो, पहाडी असतो, फार तर भसाडा.

संस्कृत काव्यशास्त्र याबाबतीत अधिक सावध होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पददोषांची गणना श्रुतिकटूपासूनच सुरू केली, पण रौद्रात तोच दोष गुण ठरतो हेही मान्य केले. त्याआधी आनंदवर्धनाने असे दोष अनित्य मानले होते. म्हणजे कानाला खुपणे हा निकाल नव्हे. कोण, कोणत्या प्रसंगी बोलते आहे, हे पाहावे लागते.

जात्याकडे पुन्हा वळू. आज घरघर हा शब्द मुख्यतः मरणाच्या संदर्भात उरला आहे. मराठी शाळांना ‘घरघर लागते’ तेव्हा कोणाला जाते आठवत नाही. एके काळी ती पहाटे घरोघर ऐकू येई. अंथरुणात पडलेल्याला तो झोपमोड करणारा आवाज, दळणारीला मात्र सुराचा आधार. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, आणि सासुरवासाचा तपशीलवार हिशेबही आहे. इतका मजकूर त्या घरघरीत दडलेला होता.

हे शब्द टाळावेत असे आमचे म्हणणे नाही. आजारी मुलाची किरकिर आईने किरकिरच म्हणावी. त्यात माया असते. शिवाय आम्ही स्वतः निर्दोष नाही. एका कथेवर आम्ही वर्षानुवर्षे प्रश्न घालत आलो: नायिकेच्या किरकिऱ्या स्वभावाचे चित्रण कसे झाले आहे ते लिहा. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तासानंतर विचारले, “पण मॅडम, ती म्हणते काय, हे नाही का लिहायचं?” प्रश्न आम्ही बदलला. नमुना-उत्तर तयार करायला बसलो, तेव्हा तिचे म्हणणे आम्हाला सांगता येईना. कथा पुन्हा काढून वाचावी लागली.