छायाचित्रांचा वारस कोण?

मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असणे ही एकेकाळी शेजारपाजाऱ्यांनी दखल घ्यावी अशी बाब होती. वडोदरा येथे तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ ज्यांच्याकडे असे, त्यांना मुंज, बारसे, डोहाळजेवण यांची आमंत्रणे जरा अधिक आग्रहाने येत आणि ‘येताना कॅमेरा आणा’ ही पुस्तीही हमखास जोडलेली असे. एका रोलमध्ये छायाचित्रे अवघी १२. पुढे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आले आणि ३६ छायाचित्रांची चैन करता येऊ लागली. तरी खटका दाबण्यापूर्वी विचार करण्याची सवय सुटली नाही. एक रोल कित्येक महिने पुरवला जाई. त्यामुळे गणपतीची आरास आणि संक्रांतीचे हळदीकुंकू एकाच पाकिटातून घरी येत असे.

ते जग किती झपाट्याने मावळले! कोडॅकचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली डिजिटल कॅमेरा तयार केला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरण्यास त्याला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीत हा शोध लागला, तिनेच जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. परंतु फिल्मला हद्दपार करणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यालाही राज्य फार काळ लाभले नाही. २०१० साली जगभरात असे १२ कोटींहून अधिक कॅमेरे उत्पादकांकडून बाजारात गेले होते. २०२३ साली ती संख्या ७७ लाखांच्या आसपास उरली. तरुणांमध्ये जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचे आकर्षण पुन्हा वाढू लागले आहे आणि २०२४ मध्ये विक्री किंचित सावरलीही. पण ही हौस आहे, पुनरागमन नव्हे.

याचा शोक करण्याचे कारण नाही. कॅमेरा दूरध्वनीत शिरला आणि छायाचित्र सर्वांच्या आवाक्यात आले. गारपिटीने झोपलेल्या पिकाचा पुरावा शेतकरी आज बांधावरूनच पाठवू शकतो. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मान्यता दिल्यापासून ग्राहकाची ओळख व्हिडिओद्वारे पटवून खाते उघडता येते. ज्या घरांत आजोबांचे एकही चित्र नाही, त्याच घरांत नातवाचे पहिले पाऊल साठ कोनांतून टिपलेले असते. कॅमेऱ्याच्या आठवणीने हळवे होणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे.

चिंतेचे कारण निराळे आहे. कॅमेऱ्याबरोबर निगेटिव्ह गेली, कागदावरील प्रत गेली आणि छायाचित्र ‘वस्तू’ म्हणून घरात असणेच संपले. काळ्या पानांचा, मधे पातळ कागद घातलेला अल्बम कपाटात असे. त्याला कुलूप असलेच, तर किल्ली कोठे आहे हे घरात सर्वांना ठाऊक असे. आज कुटुंबाचा सारा चित्रसंग्रह एकाच व्यक्तीच्या दूरध्वनीत असतो आणि त्याची किल्ली त्या व्यक्तीच्या बोटावर अथवा स्मरणात.

बँकेच्या ग्राहकाला यातील धोका चटकन उमगावा. बचत खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. पण पैसा नाहीसा होत नाही. दहा वर्षांनी तो रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाला तरी वारसाचा हक्क शाबूत राहतो. उलट, दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते त्यातील छायाचित्रांसकट पुसून टाकता येते. तसे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. नामनिर्देशनाचेही तसेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. आपल्या पश्चात छायाचित्रे कोणाच्या हाती जावीत, हे ठरवून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये केली आहे. परंतु दहा हजारांच्या मुदत ठेवीसाठी वारसाचे नाव आठवणीने लिहिणारा गृहस्थ दहा हजार छायाचित्रांसाठी ते लिहीत नाही. वर्षातील निवडक ३६ चित्रे कागदावर छापून घ्यावीत, असेही त्याला सुचत नाही. छपाईचा खर्च तर एका उपाहारगृहातील जेवणाइतकाही येत नाही.

मग एखाद्या घरी अकस्मात दुःखद प्रसंग ओढवतो. तेराव्याला पाटावर ठेवण्यासाठी छायाचित्र हवे असते. दूरध्वनी उशाशीच असतो, पण तो कोणालाच उघडता येत नाही. शोधाशोध सुरू होते. अखेरीस बँकेच्या अर्जाला लावण्यासाठी काढलेल्या छोट्या प्रतींपैकी उरलेली एक पासबुकाच्या वेष्टनात सापडते, आणि तीच मोठी करून आणायला कोणीतरी स्टुडिओकडे निघते.